फोटो आला, पत्र कुठे आहे?

पिंपरी-चिंचवडकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरी पाहुणे म्हणून जा. पूर्वी चहाच्या आधी पाण्याचा तांब्या येत असे. आता पाण्यापाठोपाठ मोबाईल येतो. "आमची धाकटी ओसाकाला असते ना! बघा तरी," असे म्हणत यजमानीणबाई तो आपल्या हाती देतात, आणि मग फोटोमागून फोटो सरकू लागतात. धाकटी चेरीच्या फुलांखाली उभी आहे. धाकटी लाल कमानींच्या रांगेत उभी आहे. धाकटी शेवयांच्या भल्या मोठ्या वाडग्यापुढे बसून दोन बोटे वर करून हसते आहे. शेजारच्या इमारतीत मुलगा सोलला असेल तर तिथे बर्फ दिसेल. सिंगापूरला असेल तर सिंहाच्या मुखातून पडणारी पाण्याची धार दिसेल. डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानात गेला असेल तर मागे पांढरे डोंगर आणि पुढे घोडा दिसेल. पाहुण्याने "वा, वा!" म्हणायचे, "तब्येत सुधारलेली दिसते हो," एवढे पुरवणीला जोडायचे, आणि निवालेला चहा प्यायचा, असा हा नवा शिष्टाचार आहे.

माझा व्यवसाय महाविद्यालयात मराठी शिकवण्याचा. त्यामुळे एक खोड लागली आहे. चित्र पाहिले की त्याखालचा मजकूर शोधायचा. पन्नास फोटो पाहून झाले की मी हळूच विचारतो, "सकाळी काय खाते हो ती? खोलीत जोडीदारीण कोण आहे? अभ्यासाला कुठे बसते?" यावर आई वडिलांकडे पाहते, वडील आईकडे पाहतात, आणि मग उत्तर येते, "ते काही बोलली नाही हो ती. पण मजेत आहे. दिसतेच आहे ना फोटोत!"

दिसते, हे खरे. पण जे दिसते तेवढेच असते का? रोज फोटो येतात, आणि तरी घराला आपल्या मुलीची खबर नसते, ही आजची गोष्ट आहे. यंदाच्या दिवाळीत तिच्याविषयीच चार शब्द लिहावे म्हणतो.

ही वाट जुनी आहे

शिक्षणासाठी परदेश म्हणजे विलायत, असे समीकरण आपल्याकडे फार दिवस होते. पण पूर्वेकडची वाटही मराठी माणसाला अनोळखी नव्हती. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत १९०२ साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल स्थविरांपाशी पाली शिकले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. गाठीला पैसा नव्हता, मग कॅमेरा कुठला! पण १९२४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'निवेदन' हे आत्मकथन उघडा. विद्यार्थी म्हणून परक्या देशात राहणे म्हणजे काय, अन्न मानवले नाही की काय होते, भाषा येत नसली की दिवस कसा जातो, हे सारे तिथे मिळते. त्या विद्यार्थ्याने फोटो पाठवले नाहीत; तो जे जगला ते त्याने शब्दांत उतरवले.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी दाराशी आहे. चिंचवडहून लोकलने सुमारे अर्ध्या तासावर तळेगाव दाभाडे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावला काच कारखाना निघाला. त्या कारखान्याची तांत्रिक धुरा ज्यांनी वाहिली ते ईश्वरदास वार्ष्णेय आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते. म्हणजे आज ज्या पट्ट्यातून मुले जपानला जातात, त्या पट्ट्यात जपानहून शिकून आलेला माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच येऊन कामाला लागला होता! ते दिवस काचेच्या पाटीवर फोटो काढण्याचे होते. एक पाटी म्हणजे एक चित्र. फुटली की संपले.

पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६६ साली टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली आणि माळरानाचे शहर झाले. योगायोग असा की, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याची जपान सरकारची योजनाही १९५४ सालचीच. १९५९ साली तिथे परदेशी तंत्रज्ञांना कारखान्यांत प्रशिक्षण देणारी एओटीएस ही संस्था निघाली. १९८०च्या दशकात बजाज आणि कावासाकी यांचे तांत्रिक सहकार्य सुरू झाले. आता तर चाकण, तळेगाव, रांजणगाव या भागांत जपानी आणि कोरियन नावांच्या पाट्या इतक्या झाल्या आहेत की जुलै-डिसेंबरच्या जपानी भाषेच्या परीक्षांची चर्चा आमच्याकडे दहावीच्या निकालासारखी चालते. "तुमचा एन-थ्री झाला का?" असे भाजीच्या गाडीपाशी विचारले जाते.

बारा फोटोंचा हिशेब

जुन्या पिढीतले जे तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी जपानला जाऊन आले, त्यांच्या घरचे आल्बम मी पाहिले आहेत. काळ्या जाड कागदावर चार कोपऱ्यांत अडकवलेले फोटो आणि मध्ये जाळीदार पातळ कागद. त्या काळी आपल्याकडे घरोघर दिसणारा कॅमेरा म्हणजे बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री. त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. पुढे पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा आला तेव्हा छत्तीस निघू लागले आणि माणसे स्वतःला श्रीमंत समजू लागली. उटकमंडच्या सरकारी कारखान्यात १९६७ पासून 'इंदू' नावाची देशी फिल्मही निघू लागली होती. तीही काटकसरीनेच वापरली जाई.

बाराच फोटो काढायचे असले की माणूस आधी विचार करतो. कोणाचा काढू? कशाचा काढू? घरी काय दाखवू? त्या आल्बमांत फुजी पर्वत एकदाच असतो. उरलेल्या जागी काय असते? वसतिगृहातली खोली असते. जमिनीवर अंथरलेली गादी असते. ज्या जपानी कुटुंबाने रविवारी जेवायला बोलावले, त्या कुटुंबातल्या आजीबाई असतात. आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले असते: गाव, तारीख, माणसांची नावे. शिवाय दर पंधरवड्याला निळे हवाई पत्र येई ते वेगळेच. फोटो पत्राच्या सोबतीला असे. पत्राच्या जागी बसत नसे.

नंतर ही काटकसर गेली, आणि गंमत अशी की ती घालवली जपाननेच. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या त्या देशाने भिंगे आणि कॅमेरे बनवून जगात नाव कमावले. १९५०च्या कोरियन युद्धात अमेरिकन छायाचित्रकारांनी निकॉनची भिंगे वापरली आणि त्यांचा बोलबाला झाला. मग नोव्हेंबर २००० मध्ये, काढलेला फोटो तिथल्या तिथे पाठवता येईल असा शार्प कंपनीचा मोबाईल जपानमध्येच विक्रीला आला. तेव्हापासून बाराचे बारा हजार झाले. फोटो महाग होता तेव्हा निवडावा लागे. तो फुकट झाला, तशी निवड संपली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये दोन वर्षांचे नऊ हजार फोटो आहेत. त्यांतले किती घरच्यांनी पाहिले, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, मीच पाहिले नाहीत!"

जिथे कॅमेरा बंद असतो

आता मुद्द्याची गोष्ट. चाकणच्या मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर काय होते, हे आपल्याकडच्या घरोघरी ठाऊक आहे. सुरक्षारक्षक मोबाईल घेतो आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावतो. आत जे चालते त्याचा फोटो निघत नाही. जपान-कोरियातल्या कारखान्यांत आणि पुष्कळ प्रयोगशाळांतही हाच कायदा. म्हणजे मुलगा ज्यासाठी घर सोडून गेला, ज्यासाठी बापाने घरावर कर्ज काढले, नेमके तेच त्याच्या फोटोंत कधी येत नाही. येते ते रविवारचे. आठवड्याचे सहा दिवस काळोखात आणि एक दिवस उजेडात, असा हा आल्बम असतो.

जे काढता येते, तेही मुले काढत नाहीत. जपानमध्ये परवानगी घेतलेल्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला अठ्ठावीस तास अर्धवेळ काम करता येते. पुष्कळ जण करतात. कोणी उपाहारगृहात भांडी विसळतो, कोणी रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात माल लावतो. यात लाजण्यासारखे काय आहे? पण इथे नातेवाइकांच्या गटात तो फोटो जाईल, मग मावशी विचारील, "इंजिनियर ना तो? मग भांडी का घासतो?" म्हणून तो फोटो निघतच नाही. त्याऐवजी पुन्हा एकदा चेरीची फुले येतात.

माझ्या वर्गातून गेलेली एक मुलगी अशीच जपानमध्ये शिकते. निघताना भेटायला आली, तेव्हा मी तिला म्हटले, "अगं, महिन्याला पाचच फोटो पाठव, पण प्रत्येकाखाली चार ओळी मराठीत लिही. प्रेक्षणीय स्थळ एकही नको." ती हसली. दोन महिने काही आले नाही. तिसऱ्या महिन्यात तिने आई-वडिलांना पाच फोटो पाठवले आणि वडिलांनी ते मला आणून दाखवले.

पहिला फोटो वसतिगृहातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा होता. तिथे कचऱ्याचे वेळापत्रक लावलेले: जळणारा कचरा अमुक वारी, बाटल्या तमुक वारी. खाली तिने लिहिले होते, "पहिल्या आठवड्यात माझी पिशवी कोणी उचलली नाही. तिच्यावर चिठ्ठी लावून तिथेच ठेवून गेले. ती चिठ्ठी वाचायला मला शब्दकोश लागला. त्या दिवशी मी रडले. पण त्यातले सहा नवे शब्द आता पाठ आहेत." दुसरा फोटो कुकरचा होता. तो इथूनच नेलेला. त्याच्या शिट्टीने शेजारची मुलगी घाबरून बाहेर आली आणि तीच पुढे मैत्रीण झाली. पाचवा फोटो नुसत्या बुटांचा होता. खाली लिहिले होते, "आठवड्यातून दोनदा रात्री दुकानात काम करते. पहाटे पाचला परत येते, तेव्हा रस्त्यावर कोणी नसते. भीती वाटत नाही. पण त्या वेळी तुमची आठवण फार येते."

वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षे पाळ्या केलेले गृहस्थ. ते म्हणाले, "सर, ती देवळांचे फोटो पाठवायची तेव्हा मी नुसता मान हलवायचो. मला त्यातलं काय कळतं? पण रात्रपाळी मला कळते. पहाटे पाचला सायकल हाणत घरी यायचो, तेव्हा कसं वाटतं ते मला विचारा." त्या दिवसापासून दर आठवड्याला बाप-लेकीचे पहाटे बोलणे होते. तिकडे तिची पाळी संपते, तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. गृहस्थ गजर लावून उठतात.

देवळाच्या शंभर फोटोंनी जे झाले नव्हते, ते बुटांच्या एका फोटोने आणि चार ओळींनी केले.

पाहुण्याने डोळे कसे वापरावे

फोटो काढणाऱ्या मुलांना एक गोष्ट मात्र घरूनच सांगून पाठवली पाहिजे. आपण तिथे पाहुणे आहोत; समोरचा माणूस म्हणजे देखावा नव्हे. जपान आणि दक्षिण कोरियात विकले जाणारे बहुतेक मोबाईल फोटो काढताना आवाज करतातच. चोरून फोटो काढू नये म्हणून तशी सोय केलेली आहे. क्योटोच्या गिऑन भागात गेशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांना लोक इतके कंटाळले, की २०१९ साली तिथल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन दंड, अशा पाट्या लागल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कावागुचिको गावात एका दुकानामागे पर्वत फार सुरेख दिसतो म्हणून अशी गर्दी लोटू लागली, की मे २०२४ मध्ये गावाने रस्त्याच्या कडेला वीस मीटर लांबीची काळी जाळी बांधून पर्वतच झाकला! ऑगस्टमध्ये ती काढली. पण डोंगराला बुरखा घालण्याची पाळी एखाद्या गावावर यावी, यातच सारे आले.

ज्या सिलोनला कोसंबी शिकायला गेले, तिथे बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटोला उभे राहणे हा अपमान समजतात. २०१२ साली मूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढणाऱ्या तीन फ्रेंच पाहुण्यांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली; ती स्थगित ठेवली, एवढेच. बँकॉकच्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात तर गाभाऱ्यात कॅमेरा चालतच नाही.

हे नियम जाचक वाटत असतील तर आपल्याच अंगणात पाहावे. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. निगडीच्या चौकात त्या दिवशी परदेशी पाहुणेही कॅमेरे घेऊन उभे असतात. त्यांच्यातला एखादा वाकून माउलींना नमस्कार करतो, खुणेने परवानगी विचारतो आणि मग फोटो घेतो. तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेली बाई लाजून हसते आणि पदर सारखा करून उभी राहते. दुसरा एखादा न विचारताच तोंडासमोर भिंग आणतो, तेव्हा तीच बाई तोंड फिरवते. विचारून काढलेल्या आणि न विचारता काढलेल्या फोटोतला फरक त्या बाईला कोणी शिकवावा लागत नाही. आपल्या मुलांनी तिकडे पहिल्या पाहुण्यासारखे वागावे, दुसऱ्यासारखे नव्हे. विचारण्यासाठी तिथल्या भाषेतली चार वाक्ये लागतात. ती चार वाक्ये बोलली की ओळखही होते. मग त्या फोटोतल्या माणसाला नाव मिळते.

खिडकीतून दिसणारा रस्ता

साध्या फोटोची किंमत कधी कळते? संकटात. २०२०च्या आरंभी चीनमधल्या वुहान शहराची दारे बंद झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेली आपली मुले वसतिगृहांत अडकली. त्या दिवसांत त्यांच्याकडून चिनी भिंतीचे फोटो येत नव्हते. येत होते ते खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या रस्त्याचे, उरलेल्या तांदळाच्या पिशवीचे, मुखपट्टीचे. त्या एकेका फोटोवर इथल्या घरांनी रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाचे पहिले विमान ३२४ जणांना घेऊन दिल्लीला उतरले. पुढे चीनने विद्यार्थ्यांना परत येण्याची वाट मोकळी केली ती २०२२च्या ऑगस्टमध्ये. तोवर कित्येकांनी शरीरशास्त्र घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकले.

मला एवढेच सुचवायचे आहे, की तांदळाच्या पिशवीचा फोटो पाठवायला संकटाची वाट कशाला पाहायची? सुखातही तो पाठवावा. सुखाची खूण तोच देतो.

दिवाळीचे एक काम

कोणी म्हणेल, "तरुण मुले आहेत, हिंडू द्या, फिरू द्या, हौसेने फोटो काढू द्या." काढू द्याच! चेरी फुलते ती जेमतेम आठवडाभर. ती पाहून ज्याला फोटो काढावासा वाटणार नाही तो विद्यार्थी कसला? पु. लं.नी पूर्वेचा प्रवास करून 'पूर्वरंग' लिहिले. त्यांनीही देवळे पाहिली, बागा पाहिल्या. पण वाचकाच्या मनात घर केले ते त्यांना भेटलेल्या माणसांनी. फुलांचा फोटो अवश्य काढावा. मात्र फुलांखाली डबा खात बसलेल्या आजोबांशी दोन शब्द बोलून मग काढावा, इतकेच माझे म्हणणे.

आणि घरच्यांनो, निम्मे काम आपले आहे. मुले तेच पाठवतात, ज्याला आपण "वा, वा!" म्हणतो. आपण देवळाला पन्नास अंगठे दाखवले आणि खोलीच्या फोटोवर "एवढीशीच का खोली?" असे विचारले, तर खोली पुन्हा दिसणार नाही. भांड्यांच्या ढिगाचा फोटो आला तर तो मावशीच्या गटात ढकलू नये, जपून ठेवावा. तो आपल्यावरच्या विश्वासाचा फोटो आहे.

या दिवाळीत फराळाचा डबा पूर्वेकडे पाठवाल तेव्हा त्यात एक चिठ्ठी घाला. तिच्यात विचारा: झोपतोस कुठे? जेवतोस कोणाबरोबर? शिकवणाऱ्या बाईंचे नाव काय? येताना-जाताना रोज कोणते झाड लागते? याची उत्तरे फोटोने दिलीस तरी चालतील. पण प्रत्येकाखाली आपल्या भाषेत दोन ओळी लिही. मग त्यांतले दहा फोटो निवडून चौकातल्या स्टुडिओत छापून घ्या. पाठीवर मऊ पेन्सिलीने गाव, तारीख आणि माणसांची नावे लिहा आणि आल्बमात लावा. मोबाईल दोन वर्षांनी बदलेल. आल्बम कपाटात राहील.

तो बोनसाठी नाही, मिरवण्यासाठीही नाही. मुलगी परत येईल, आणि ती गेली तेव्हा होती तशी ती नसेल. मधल्या वर्षांत ती कोण झाली, हे घरात कोणाला तरी ठाऊक असावे, एवढ्यासाठी.